औषध उतरलं का?

ताई, नमस्कार.

मी मूळची कोरेगाव तालुक्यातली, पंचवीस वर्षं न्यू जर्सीत आहे. मुलगा २८ वर्षांचा. कॉलेजात असताना त्याच्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं. तेव्हा दिलेल्या ऑक्सिकोडोन या वेदनाशामक गोळ्या सुटल्याच नाहीत. पुढे त्या बाहेरून येऊ लागल्या, आणि त्यांत फेंटॅनिल, म्हणजे त्याहून कितीतरी जहाल औषध, असतं हे आम्हाला फार उशिरा कळलं. दोनदा रिहॅब झालं. या वर्षी तोच म्हणाला, मेक्सिकोत तिहुआनाजवळ नशा सोडवायला इबोगेन नावाचं औषध देतात, तिथे जातो. टेक्सास सरकार त्याच्या संशोधनावर पैसे घालतंय ही बातमी यांनी वाचली आणि साठवलेले पैसे काढले.

नऊ दिवसांनी घरी आला तो दुसराच मुलगा होता. पहाटे उठायचा. बाबांशेजारी बसून रडला. माझ्याबरोबर पोळ्या लाटल्या. त्या औषधाच्या रात्री त्याला माझे वडील दिसले म्हणे, शेताच्या बांधावर बसलेले. 'आता पुरे' म्हणाले. आम्ही सत्यनारायण घातला.

हा सहावा आठवडा. आता दुपारपर्यंत झोपतो, बोलत नाही. परवा म्हणाला, "आई, औषध उतरलं बहुतेक. परत घ्यायला हवं." कॅप्सूल इंटरनेटवर मिळतात, असं कुणीतरी त्याला सांगितलंय. हे म्हणतात, एवढा खर्च केला, मुलगा बरा झाला, आता भावोजींच्या कंपनीत कामाला लावू. क्लिनिकचे दोन व्हिडिओ कॉल झाले, नंतर काही नाही. इथल्या डॉक्टरला सांगायची भीती वाटते, कारण अमेरिकेत ते औषध बेकायदा आहे. रात्री मी त्याच्या दाराशी उभी राहते, श्वास ऐकू येतो का बघते. डिसेंबरात पुण्यात भाचीचं लग्न आहे. न्यावं का त्याला? आणि खरं सांगा, औषध उतरलं का?

– एक आई

•

सप्रेम नमस्कार.

तुमच्या प्रश्नाचं उत्तर देते, पण त्याआधी एक काम सांगते. ते आजच करायचं. जवळच्या फार्मसीत जा आणि नॅलोक्सोनचा, म्हणजे अशा गोळ्यांचा ओव्हरडोस उतरवणारा, नाकात मारायचा स्प्रे आणा. २०२३पासून अमेरिकेत तो चिठ्ठीशिवाय मिळतो. एक स्वयंपाकघरात ठेवा, एक त्याच्या खोलीजवळ. कसा वापरायचा ते घरातल्या सगळ्यांना माहीत हवं, मुलालासुद्धा.

वर्षानुवर्षं या गोळ्या घेणाऱ्याचं शरीर त्यांना सरावलेलं असतं. सहा आठवड्यांत तो सराव गेला. डोक्यात मात्र जुनाच डोस बसलेला असतो. एखाद्या वाईट संध्याकाळी त्याने पूर्वीइतकंच घेतलं, तर पूर्वी ज्याची नुसती किक बसायची त्याने आता श्वास थांबेल. रिहॅबमधून किंवा तुरुंगातून नुकतीच बाहेर आलेली माणसं ओव्हरडोसने जातात, ती अशी. हाक मारून, हलवून उठत नसेल, ओठ निळे पडले असतील, घोरल्यासारखा घरघर आवाज येत असेल, तर एका नाकपुडीत स्प्रे मारायचा, ९११ला फोन करायचा, कुशीवर वळवायचं. दोन-तीन मिनिटांत शुद्ध आली नाही तर दुसरा स्प्रे. आणि शुद्धीवर आला तरी रुग्णवाहिका परत पाठवायची नाही, कारण स्प्रेचा असर आधी ओसरतो आणि गोळीचा मागे उरू शकतो.

असलं काही घरात आणून ठेवणं म्हणजे अभद्र चिंतणं, असं तुमच्या मनात येईल. माझ्यासमोर बसलेल्या बहुतेक आयांच्या मनात ते येतं. छत्री घेतली म्हणून पाऊस पडत नाही, एवढंच मी त्यांना सांगते. मुलालाही सरळ सांगा: "तुझ्यावर विश्वास नाही म्हणून नाही आणला. तू हवा आहेस म्हणून आणला."

आता तुमचा प्रश्न. हो, औषध उतरलं. ते उतरणारच होतं.

इबोगेन ज्या झुडपाच्या मुळाच्या सालीतून येतं ते इबोगा मध्य आफ्रिकेतलं, मुख्यतः गॅबनमधलं. तुम्हाला ऐकून गंमत वाटेल, आपल्या परसातल्या तगरीचं, सदाफुलीचं आणि कण्हेरीचं जे कुळ, तेच त्याचं. कर्करोगाचं औषध देणारी सदाफुली आणि जीव घेणारी कण्हेर एकाच घरातल्या. इबोगात दोघींचे गुण आहेत. पोटात गेल्यावर यकृत इबोगेनचं रूपांतर नॉरइबोगेनमध्ये करतं आणि ते शरीरात बरेच दिवस रेंगाळतं. सुरुवातीच्या दिवसांतलं ते हलकं मन, पहाटेची जाग, पोळ्या लाटणं यात त्याचाही वाटा असावा. ते खोटं होतं असं मी म्हणत नाही. पण ते पाहुणं होतं. पाहुणा गेला की घर जसं होतं तसं दिसतं. दहा वर्षं गोळ्यांवर चाललेल्या मेंदूला साधा चहा, साधं ऊन, साधी मैत्री पुन्हा गोड लागायला महिने लागतात. सहाव्या आठवड्यातली ही मरगळ म्हणजे उपचार वाया गेला असं नाही. त्याला हे आधी कुणी सांगायला हवं होतं. क्लिनिकने सांगितलं नसेल, तर ती त्यांची चूक.

तुम्ही शेतकऱ्याची लेक. वापसा म्हणजे काय ते तुम्हाला समजवावं लागणार नाही. पाऊस पडून गेला, चिखल जरा सुकला, मातीत ओल आहे पण पाय रुतत नाही, तीच वेळ तिफण धरायची. चार दिवस बांधावर बसून पावसाचं कौतुक केलं की वापसा जातो. इबोगेनने तुमच्या मुलाच्या शरीराला वापसा आणून दिला: टर्की, म्हणजे नशा थांबवल्यावरचे ते हालहाल, फारशी न सोसता तो गोळ्यांतून बाहेर आला. पेरणी त्यात नव्हती. तुम्ही सगळ्यांनी ती झाली असं धरलं, सत्यनारायण घातला आणि वाट पाहत बसलात. रागावून लिहीत नाही. आमच्या व्यसनमुक्ती केंद्रात पस्तीस दिवस काढून घरी जाणाऱ्या दारूच्या पेशंटच्या घरीही हेच होतं. दाखल असताना सहसा कुणी पडत नाही. पडतो तो घरी गेल्यावर, बहुतेकदा पहिल्या तीन महिन्यांत.

इबोगेनचा अनुभवही याच वळणाचा आहे. मेक्सिकोत उपचार घेतलेल्या, ओपिऑइडचं म्हणजे अफूच्या जातीच्या औषधांचं व्यसन असलेल्या ३० रुग्णांचा २०१७ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास आहे. महिन्याभरानंतर त्यातल्या १५ जणांनी गेल्या ३० दिवसांत ओपिऑइड घेतलं नसल्याचं सांगितलं. दोनदा रिहॅब फसलेल्या घराला निम्मे हा आकडा मोठाच. उरलेल्या पंधरा जणांबद्दल मात्र तसं म्हणता येत नाही, आणि त्यांनीही तोच खर्च केला होता, तीच रात्र काढली होती.

म्हणून 'परत एकदा घ्यायला हवं' याला माझं उत्तर नाही. कॅप्सूल मागवून घरी घेण्याला तर तीनदा नाही. इबोगेन हृदयाचे ठोके बिघडवू शकतं, आणि त्यातून मृत्यू झालेले आहेत. न्यूझीलंडमधल्या एका अभ्यासात १४ जण होते, त्यातला एक उपचारादरम्यानच गेला. तिहुआनात त्याच्या छातीला तारा लावून मॉनिटरसमोर कुणी बसलं असेल. तुमच्या तळघरात कोण बसणार? शिवाय 'औषध उतरलं, परत घेऊ' हे वाक्य तुम्ही गेल्या दहा वर्षांत कितीदा ऐकलंत ते आठवा. गोळी बदलली, वाक्य तेच आहे. हे त्याला टोमणा म्हणून ऐकवू नका. त्याच्या लक्षात ते आपणहून आलं तर जास्त उपयोगाचं, आणि तो हुशार दिसतो, येईल.

एक जुनी हकिगत सांगते, ती त्यालाही सांगा. १९३४च्या डिसेंबरात न्यूयॉर्कमधल्या एका खासगी रुग्णालयात बिल विल्सन नावाचा शेअर बाजारातला माणूस दारू सोडवण्यासाठी पुन्हा एकदा दाखल झाला. तिथे बेलाडोना द्यायचे. बेलाडोना म्हणजे आपल्या धोत्र्याच्या कुळातली वनस्पती. उपचार चालू असताना त्याला खोलीभर पांढरा प्रकाश दिसला आणि आपण मोकळे झालो असं वाटलं. तुमच्या मुलाला आजोबा दिसले, त्याला प्रकाश. पण गोष्टीचा मला आवडणारा भाग पुढचा आहे. पाच महिन्यांनी धंद्याच्या कामासाठी तो ॲक्रन गावी गेला, काम फसलं, हॉटेलच्या बाहेरच्या दालनात एकटा उभा, पलीकडे बार. प्रकाश आठवून त्या क्षणी त्याचं भागलं नाही. त्याने फोन उचलला आणि बोलायला दुसरा दारुडा शोधला. त्यातून जो डॉक्टर भेटला त्याच्याबरोबर १९३५मध्ये अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे दारू सोडू पाहणाऱ्यांचा आपसातला गट, सुरू झालं. आज कराडच्या शाळेच्या वर्गात नाहीतर मुंबईतल्या चर्चच्या मागच्या खोलीत संध्याकाळी 'फक्त आजचा दिवस' म्हणत बसणारी माणसं त्या फोनची वारस आहेत.

या वनस्पती जिथे मुळात वापरल्या जातात तिथे रात्र एकट्याची नसते आणि दुसरा दिवसही. गॅबनमध्ये ब्विती परंपरेत इबोगा देऊन दीक्षा देतात, तेव्हा ज्येष्ठ मंडळी रात्रभर वाद्यं वाजवत भोवती असतात, आणि दीक्षा घेतलेला माणूस त्याच मंडळींत राहतो. पेरूत तारापोतो इथे ताकिवासी नावाचं व्यसनमुक्ती केंद्र १९९२पासून चालू आहे, एका फ्रेंच डॉक्टरने सुरू केलेलं. तिथे आयावास्का हा वेलीचा भास घडवणारा काढा देतात, पण मुक्काम साधारण नऊ महिन्यांचा. मानसोपचार, काम, एकत्र राहणं आणि मधूनमधून वनस्पती. आपल्याकडे माळकऱ्याचं काय होतं? माळ घालायला पाच मिनिटं लागतात. पण त्यानंतर गावात कुणी त्याच्यापुढे पेला करत नाही, एकादशीला भजनाला बोलावणं येतं, आषाढीला दिंडीतली जागा ठरलेली असते. तुमच्या मुलाला माळ घातली आणि विमानात बसवून अशा घरात पाठवलं जिथे दिंडी नाही.

ती जमवायची आहे. कशी, ते सांगते.

पहिला माणूस डॉक्टर. व्यसनोपचाराचा डॉक्टर गाठा आणि सगळं खरं सांगा, इबोगेनसकट. मेक्सिकोत त्या औषधावर बंदी नाही. तिथे घेतलेला उपचार डॉक्टरला सांगितल्याने तुमच्या दारात पोलीस येत नाहीत. पेशंटची माहिती गुप्त ठेवायला तो कायद्याने बांधलेला आहे, आणि व्यसनाच्या उपचारांच्या नोंदींना अमेरिकेत वेगळं, जास्त कडक संरक्षण आहे. लपवण्यात मात्र धोका आहे. एकदा ईसीजी काढून घ्या. मेथाडोन, काही मानसिक आजारांवरच्या गोळ्या, इतकंच काय उलटीवरची ओन्डान्सेट्रॉन आणि घशासाठी सर्रास देतात ती ॲझिथ्रोमायसिन, या सगळ्यांचा हृदयाच्या ठोक्यांशी संबंध येतो. डॉक्टरला माहीत असेल तर तो निवड करेल. दातांच्या डॉक्टरलाही सांगा: ओपिऑइड पेनकिलर नको. सुरुवात एका ऑपरेशनच्या चिठ्ठीनेच झाली होती ना.

याच डॉक्टरशी ब्युप्रेनॉर्फिनबद्दल, म्हणजे ओपिऑइडची तलफ आवरणाऱ्या औषधाबद्दल, बोला. तलफ परत येत असेल तर ते सुरू करण्यात हार नाही. तुमचे यजमान म्हणतील, हे म्हणजे एक सोडून दुसरं धरलं. घरात कुणी रक्तदाबाची गोळी घेत असेल तर ती कधी सोडणार, असं त्यांना विचारा. ब्युप्रेनॉर्फिनने आणि मेथाडोनने ओव्हरडोसचे मृत्यू कमी होतात, हे आता वादाचं राहिलेलं नाही. महिन्यातून एकदा घ्यायचं नॅलट्रेक्सोनचं, म्हणजे ओपिऑइडचा असर अडवणारं, इंजेक्शन हा दुसरा मार्ग. त्यासाठी आधी काही दिवस शरीर ओपिऑइडपासून मोकळं लागतं आणि तुमचा मुलगा आज मोकळा आहे. कोणतं, ते डॉक्टर आणि तो ठरवतील. इबोगेननंतर असलं काही घेणं म्हणजे 'त्या औषधाचा अपमान' असं सांगणारे लोक त्याला इंटरनेटवर भेटतील. ते लोक रात्री तुमच्या घरी नसतात.

दुसरी माणसं त्याच्यासारखी. नार्कोटिक्स ॲनॉनिमस, म्हणजे नशा सोडणाऱ्यांचा तसाच गट, त्याच्या सभा न्यू जर्सीत भरपूर आहेत. एखाद्या गटात मेक्सिकोचं ऐकून नाकं मुरडतील, तर गट बदलायचा. स्पॉन्सर, म्हणजे हात धरून चालवणारा जुना सदस्य, असा निवडायला सांगा ज्याला रात्री दोन वाजता फोन करता येईल. तो सगळं आईशी बोलणार नाही, बोलूही नये.

तिसरा माणूस समुपदेशक, जो त्या रात्रीबद्दल ऐकून घेईल. या क्षेत्रात त्याला इंटिग्रेशन म्हणतात. आपण म्हणू, पाहिलेलं पचवणं. आजोबा खरंच आले की मेंदूने आणले, हा वाद तुमच्या घरात नको. यांना तो घालू देऊ नका. "आजोबा कसे दिसत होते? कुठे बसले होते? पुढे काय म्हणाले?" एवढं विचारा आणि गप्प बसा. जे दिसलं ते त्याने मराठीत, इंग्रजीत, चित्र काढून, कसंही वहीत उतरवून ठेवावं, कारण ते फार लवकर पुसट होतं. मग त्यातून एक लहानसं काम निघतं का बघावं. आजोबा बांधावर होते, तर या उन्हाळ्यात मागच्या अंगणात चार वाफे करता येतील. मेथी आठ दिवसांत वर येते, आठ दिवसांत काहीतरी वर आलेलं बघायची त्याला गरज आहे. वाफ्याला रोज पाणी लागतं, म्हणजे रोज उठावं लागतं. मोठी शपथ नको. शपथा त्याने खूप घेतल्या असतील.

कंपनीचं. काम हवं, पण अर्धा दिवस, आणि शक्यतो नात्याबाहेर. भावोजींच्या कंपनीत तो कामगार नसेल, 'तो' पुतण्या असेल. प्रत्येक वेळी बाथरूममध्ये पाच मिनिटं जास्त लागली की कुजबुज. संध्याकाळ सभेसाठी मोकळी हवी. आणि पगाराचा दिवस सांभाळा. पहिला पगार हातात पडतो त्या दिवशी आमचे कितीतरी पेशंट घसरले आहेत. तो पगार कुठे जमा होणार, त्या संध्याकाळी तो कुणाबरोबर असणार, हे आधी त्याच्याशीच बोलून ठरवा. यांच्या घाईमागे मला पैशांपेक्षा भीती जास्त दिसते. मुलगा कामावर गेला की सगळं संपलं, असं त्यांना स्वतःला सांगायचं आहे. त्यांच्याशी भांडू नका, डॉक्टरकडे सोबत न्या.

घसरला तर? एकदा घेतलं तर त्याने लगेच, त्याच दिवशी सांगावं, आणि सांगितल्यावर घरात तमाशा होणार नाही, हे आज, तो स्वच्छ असताना, तिघांनी बसून ठरवा. लपवलेली एक गोळी सांगितलेल्या एका गोळीपेक्षा कितीतरी महाग पडते. आणि 'जगून काय करू' अशी भाषा आली तर मरगळ समजून सोडू नका. ९८८ला, म्हणजे आत्महत्या टाळण्यासाठीच्या अमेरिकेतल्या हेल्पलाइनला फोन करा, तो दिवसरात्र चालू असतो.

लग्नाचं थोडक्यात. त्यालाच विचारा. नको म्हणाला तर आग्रह नको, आणि एकानं त्याच्याजवळ थांबा. यायचं म्हणाला तर मुक्काम कमी ठेवा, पुण्यातल्या सभांचे पत्ते आधी काढा आणि हळदीच्या रात्री गच्चीवर बाटल्या उघडतात तेव्हा त्याला घेऊन निघेल असा एक भाऊ ठरवून ठेवा. नातेवाइकांना सगळं सांगायची गरज नाही, त्या एका भावाला सांगा.

राहता राहिलात तुम्ही. पत्रात सगळ्यांत जास्त मला ती दाराशी उभी असलेली बाई दिसली. पुण्यातल्या मुक्तांगण या व्यसनमुक्ती केंद्रात पेशंटच्या बायकांसाठी 'सहचरी' नावाचा गट आहे, कारण तिथल्या लोकांना फार लवकर कळलं होतं की घरी पेशंट एकच नसतो. तुमच्याकडे नार-ॲनॉन आहे, व्यसनी माणसाच्या घरच्यांचा गट. तिथे तुमच्यासारखीच दाराशी उभी राहणारी एखादी गुजराती, एखादी इटालियन आई भेटेल. आठवड्यातून एकदा जा. यांना सांगून जा, न सांगता गेलात तरी चालेल.

आणि दाराशी उभं राहायचं झालं तर चोरून राहू नका. टकटक करा. "जागा आहेस का? चहा टाकतेय." नको म्हणाला तरी आवाज ऐकू येईल.

पुढचं पत्र लिहाल तेव्हा स्प्रे आणला की नाही, ते पहिल्या ओळीत लिहा.